छत्र्या ठेवायची पुंगळी आणि रिव्हर प्लेटची लढाई

ठाण्यात चरईतल्या एका जुन्या इमारतीचा रिडेव्हलपमेंटचा करार झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंवर कळव्याला भाड्याच्या वन-बीएचकेत जायची वेळ आली. काय न्यायचं, काय कोणाला द्यायचं, काय विकायचं याची घरात वाटणी सुरू झाली. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. १९५२ ला लागले, १९८४ ला निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत घरात काही वस्तू जमल्या होत्या, त्यात काकांनी स्वतः हौसेने घेतलेल्या दोन-तीन गोष्टींची भर पडली होती.

सगळ्यात मोठी वस्तू दारामागे उभी असायची. तोफेच्या काडतुसाची पितळी पुंगळी, दोन फुटांहून जरा उंच. तिच्यात छत्र्या ठेवायचे आणि दर दिवाळीला ती ब्रासोने घासून लखलखीत करायचे. घरात तिची ओळख ठरलेली होती: "आजोबांनी आणलेली अकिलीसची पुंगळी. सहा इंची तोफेची. रिव्हर प्लेटच्या लढाईतली."

पुतण्याने फोटो काढून ऑनलाइन टाकले आणि आठवड्याभरात नेरूळजवळ सीवूड्सला राहणारे एक गृहस्थ पाहायला आले. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेले, जहाजांच्या वस्तूंचे जुने संग्राहक. पुंगळीला नव्वद हजार आणि भिंतीवरच्या बोटीच्या घड्याळाला चाळीस हजार अशी बोली झाली. वीस हजारांचा इसार त्यांनी तिथेच दिला. अट एकच होती. ही पुंगळी 'अकिलीस'ची असून १३ डिसेंबर १९३९ च्या लढाईत वापरलेली आहे, असं काकांनी सहीनिशी लिहून द्यायचं.

काका सही करायला तयार होते. वडील खोटं बोलणारे नव्हते, हे त्यांचं म्हणणं. "सही करण्याआधी कोणाला तरी दाखवा तरी," असा आग्रह काकूंनी धरला, म्हणून मला बोलावणं आलं. मी या वस्तूंचा व्यापार करत नाही. ठाणे, कल्याण, नवी मुंबईतल्या संग्राहकांच्या वस्तूंची नोंद करून देणं, खुणा वाचणं, कागद लावून देणं एवढंच माझं काम.

नावाचा दबदबा

'अकिलीस' या नावाला नव्वद हजार का पडतात, हे आधी सांगायला हवं. ही ब्रिटिश लिअँडर वर्गाची क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. बर्कनहेडला कॅमल लेअर्डच्या गोदीत बांधली, १९३२ मध्ये पाण्यात उतरली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती न्यूझीलंडच्या दिमतीला होती आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक लोक न्यूझीलंडचे होते. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखापाशी, 'एक्सेटर', 'एजॅक्स' आणि 'अकिलीस' या तीन क्रूझर्सनी जर्मनीच्या 'अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे'ला गाठलं. ग्राफ श्पेच्या तोफा अकरा इंची, अकिलीसच्या सहा इंची. तरी जर्मन कप्तान माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरला आणि १७ डिसेंबरला त्याने आपलं जहाज स्वतःच बुडवलं. अकिलीसवरचे चार जण त्या लढाईत मेले.

आपल्याकडची गोष्ट त्यानंतर सुरू होते. ५ जुलै १९४८ ला हीच क्रूझर 'दिल्ली' या नावाने आपल्या नौदलात आली. रिव्हर प्लेटला तिचे कप्तान असलेले पॅरी त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या नौदलाचे सरसेनापती झाले. १९५० मध्ये नेहरू इंडोनेशियाला गेले ते दिल्लीवरून. १९५६ च्या एका ब्रिटिश चित्रपटात तिने अकिलीसची, म्हणजे स्वतःचीच, भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांकडून दीव घेताना ती तिथल्या समुद्रात होती. ३० जून १९७८ ला ती निवृत्त झाली. तिचा एक तोफबुरूज आपल्या सरकारने न्यूझीलंडला भेट दिला. तो आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळावर उभा आहे.

एकाच जहाजाला दोन नावं, दोन देश, एक गाजलेली लढाई, आणि तिचा शेवटचा काळ मुंबईच्या गोदीत गेलेला. गोदीतल्या फिटरच्या घरी तिची वस्तू असणं अगदी शक्य आहे. दावा खरा वाटतो तो इथे, आणि म्हणूनच तो जास्त काळजीने तपासावा लागतो. गोष्ट अशक्य असती तर प्रश्नच नव्हता.

पुंगळी

पहिलं काम धोक्याचं. पुंगळीच्या तळाशी मधोमध प्रायमरची, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीची, जागा असते. इथे ते भोक रिकामं होतं, आरपार दिसत होतं. आत दारूचा अंश नाही, पुढे गोळा नाही, फ्यूज नाही. हे आधी पाहायचं, कारण प्रायमर, दारू किंवा फ्यूज शिल्लक असलेली वस्तू संग्रहाची राहत नाही. तिला हात न लावता पोलिसांना कळवायचं, बॉम्बशोधक पथक येतं. रिकामी, प्रायमर काढलेली पुंगळी मात्र शोभेची वस्तू म्हणून कित्येक घरांत असते.

मग मोजमाप. काकांना सहा इंच हा आकडा पाठ होता, पण तिचं तोंड कधी कोणी मोजलं नव्हतं. वर्नियर लावला. तोंडाचा आतला व्यास जेमतेम १०२ मिलिमीटर, म्हणजे चार इंच. "तळ तर रुंद आहे की," काका म्हणाले. तळ रुंद असणारच, पुंगळीला खाली कड असते आणि ती वर निमुळती होत जाते. तोफेचं माप तोंडावर कळतं.

व्यासापेक्षाही मोठा प्रश्न वेगळाच होता. अकिलीसच्या मुख्य तोफा म्हणजे ब्रीच-लोडिंग सहा इंची मार्क तेवीस (मार्क म्हणजे तोफेच्या नमुन्याचा क्रमांक). या तोफांना पितळी पुंगळी लागतच नाही. आधी गोळा सरकवायचा, मागून कापडी पिशवीतली दारू ठेवायची आणि ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं दार, बंद करायची. डागल्यावर पिशवी जळून जाते, मागे काही उरत नाही. रिव्हर प्लेटला अकिलीसने सहा इंची गोळे हजाराहून जास्त डागले आणि त्यातल्या एकाचीही पुंगळी जगात असू शकत नाही. पुंगळी असते ती क्विक-फायरिंग तोफांना. विमानविरोधी चार इंची तोफा त्या जातीच्या.

जहाजांच्या वस्तू जमवणाऱ्याने सगळ्यात आधी विचारावं ते हेच: त्या जहाजावर, त्या काळात, अशी वस्तू असण्याचं कारण होतं का? उत्तर 'नाही' आलं की पितळेचा कस, पॉलिश, घराण्याची प्रतिष्ठा यांतलं काहीच कामाला येत नाही.

काका गप्प झाले. मग त्यांनी दुसरी बाजू काढली: "सहा नाही तर चार इंची. त्या लढाईत चार इंचीही वापरल्या असतीलच की."

युक्तिवाद योग्य होता. १९३९ मध्ये अकिलीसवर चार इंची तोफा होत्या. म्हणून तळावरचे ठसे वाचायला घेतले. इतक्या दिवाळ्यांच्या ब्रासोने ते जवळजवळ सपाट झाले होते. (घासू नका हो. पितळेवरचा काळपट थर हा कचरा नाही, आणि ठशांच्या कडा तर कधीच परत येत नाहीत.) टॉर्च तळाशी अगदी आडवा धरला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवली. ब्रिटिश पुंगळीच्या तळावर साधारणपणे तोफेचा व्यास, मार्क, कारखान्याची खूण, लॉट नंबर आणि साल ठोकलेलं असतं. इथे चार इंच वाचता आलं, रोमन आकड्यात सोळा वाचता आलं आणि साल वाचता आलं: १९४३.

१९४३ मध्ये बनलेली पुंगळी १९३९ च्या लढाईत डागली जाऊ शकत नाही. शिवाय मार्क सोळा ही जोडतोफ. रिव्हर प्लेटच्या वेळी अकिलीसवर चार इंची तोफा होत्या त्या एकेरी. जोडतोफा तिच्यावर आल्या १९४३-४४ च्या दुरुस्तीत, ज्या वेळी तिचा एक सहा इंची बुरूज काढून टाकला गेला.

आता गंमत पाहा. त्या दुरुस्तीनंतरचंच जहाज आपल्याकडे 'दिल्ली' म्हणून आलं, चार इंची जोडतोफांसकट. म्हणजे ही पुंगळी रिव्हर प्लेटची नाही, पण दिल्लीवरची असू शकते. पुतण्याचे डोळे लगेच चमकले. पण हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो. मार्क सोळाच्या तोफा आपल्या नौदलात दिल्लीपुरत्या नव्हत्या. सतलज, जमुना, कावेरी, कृष्णा या स्लूप नौकांवर त्या होत्या. १९५३ मध्ये आलेल्या गंगा, गोमती, गोदावरी या हंट वर्गाच्या विनाशिकांवरही होत्या. आजोबांच्या काळात ही सगळी जहाजं मुंबईच्या गोदीत येत-जात होती. त्यात पुंगळ्या पुन्हा भरून वापरल्या जात. एक पुंगळी आयुष्यात दोन-तीन जहाजं बघू शकते. साल बनवल्याचं कळतं, डागल्याचं नाही.

मग आजोबा खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. ते बहुधा "दिल्लीच्या वेळची" असं काही म्हणाले असतील. दिल्ली म्हणजे आधीची अकिलीस, हे घरातल्या कोणीतरी कुठेतरी वाचलं. अकिलीस म्हणजे रिव्हर प्लेट. रिव्हर प्लेट म्हणजे सहा इंची तोफा. प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबर आहे, आणि शेवटी आलेलं वाक्य पूर्ण चूक. घरगुती आठवणींचं असंच होतं आणि त्यात फसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. सहीनिशी कागद दिला की मात्र कायद्याच्या नजरेत तो विक्रेत्याचा दावा होतो.

घड्याळ

घड्याळाने मला जास्त काळजीत टाकलं, आणि ते पैशांसाठी नाही. पितळी घडण, काळी तबकडी, आकड्यांवर आणि काट्यांवर पिवळट-तपकिरी, भेगा पडलेला जाड रंग. काच एका बाजूला तडकलेली. काका म्हणाले, "लहानपणी अंधारात चमकायचं. आता विझलंय."

विझलेलं नसतं. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम असायचं, सोबत जस्ताचं सल्फाइड. चमकायचं ते सल्फाइड आणि काही दशकांत तेच थकतं. रेडियम-२२६ चं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं आहे. ते आजही जवळजवळ पहिल्या दिवसाइतकंच जिवंत आहे. बंद काचेमागे, भिंतीवर, फार जवळ न जाता, त्याचा धोका मर्यादित असतो. खरी भीती सुटलेल्या रंगाच्या पुडीची: श्वासातून किंवा बोटावरून तोंडात जाणारी. तडकलेली काच, आणि खालच्या दिवाणावर पुतण्याचा मुलगा झोपतो.

त्यामुळे घड्याळ उघडून आतलं यंत्र पाहायचा प्रश्नच नव्हता. कुठल्याही घड्याळजीकडेही न्यायचं नाही, त्याच्या टेबलावर तो रंग सांडणार. हातमोजे घालून ते जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद केलं, डब्यात ठेवलं, वर चिठ्ठी लावली. दिवाण आणि खालची जमीन ओल्या फडक्याने पुसली, झाडू न मारता. पुढचं विचारायचं ते अणुऊर्जा नियामक मंडळाला. त्यांचं कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. भंगारवाल्याला देणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

खरेपणाबद्दल बोलायचं तर बाहेरून दिसणाऱ्या खुणा बऱ्या होत्या. तबकडीवर बारीकसा ब्रिटिश सरकारी बाण आणि पॅटर्न नंबर. नकली घड्याळांवर 'रॉयल नेव्ही' आणि 'लंडन' मोठ्या अक्षरांत मधोमध छापलेलं असतं. आपण भांड्यावर नाव घालतो ते बारीक, कडेला किंवा तळाला. सरकारही आपल्या वस्तूवर तसंच नाव घालायचं, दर्शनी भागावर मिरवत नसे. काकांकडे नकलीचा उत्तम नमुनाही होता. चोर बाजारात मटण स्ट्रीटवरून त्यांनी एकदा 'टायटॅनिक १९१२' असं कोरलेलं होकायंत्र घेतलं होतं. रुरकी आणि मुरादाबादला पितळी नाविक वस्तूंच्या प्रतिकृती करणारे कारखाने आहेत, माल देखणा असतो आणि प्रतिकृती म्हणून विकला तर त्यात गैर काही नाही. टायटॅनिक बुडाली, तिच्यावरची इतकी होकायंत्रं वर कशी आली, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायचा असतो. काका यावर मनापासून हसले. त्या दुपारी पहिल्यांदाच.

घड्याळावर जहाजाचं नाव कुठेही नव्हतं. ब्रिटिश नौदलाच्या पुरवठ्यातलं, युद्धकाळाच्या आसपासचं, इतकं म्हणता येईल. पण चीफ इंजिनिअरांना आधी रेडियमबद्दल सांगायचं ठरलं, किमतीचं नंतर.

बिननावाची फीत

काकूंच्या शिवणाच्या डब्यात एक काळी रेशमी फीत सापडली, नाविकाच्या टोपीभोवती गुंडाळायची. तिच्यावर पिवळ्या धाग्यात इंग्रजी अक्षरं: एच.एम.आय.एस., म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप'. पुढे काहीच नाही. आजोबांना ती गोदीतल्या एका वयस्कर सहकाऱ्याने दिली होती, जो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलात होता. पुतण्याने तिचा फोटोसुद्धा टाकला नव्हता. "नावच नाही, कुठल्या बोटीची म्हणून सांगायची?"

माझ्या मते त्या घरातली महायुद्धाच्या काळाची सगळ्यात भरवशाची वस्तू हीच. शांततेच्या काळात टोपीच्या फितीवर जहाजाचं पूर्ण नाव असतं. १९३९ ला युद्ध सुरू होताच ब्रिटिश नौदलाने गुप्ततेसाठी नाव काढून टाकलं, कारण बंदरातल्या गुत्त्यात बसलेला खलाशी आपल्या टोपीवरून कोणतं जहाज आलंय ते शत्रूच्या हेराला सांगून जायचा. फितीवर उरलं ते 'एच.एम.एस.' एवढंच, आणि आपल्या नौदलात 'एच.एम.आय.एस.' एवढंच. ही आद्याक्षरं रॉयल इंडियन नेव्हीच्या काळातली. ते नाव १९३४ मध्ये आलं आणि प्रजासत्ताकाबरोबर १९५० मध्ये गेलं. नाव नसणं हीच युद्धाची खूण. उलट '१९४२ ची' म्हणून कोणी जहाजाचं नाव विणलेली फीत दाखवली तर मी आधी साल पुन्हा विचारतो.

इथे एक तक्रार नोंदवतो. आपले संग्राहक अकिलीससाठी नव्वद हजार काढतात, पण 'बेंगॉल' म्हटलं की कोणाला आठवत नाही. ११ नोव्हेंबर १९४२ ला एच.एम.आय.एस. बेंगॉल या छोट्या सुरुंगशोधक जहाजाने, एकाच तीन इंची तोफेनिशी, सोबतच्या 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजासह हिंदी महासागरात दोन जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिलं. त्यातलं 'होकोकू मारू' बुडालं. अशा जहाजांवरच्या माणसांच्या टोप्यांवर अशाच बिननावाच्या फिती होत्या.

विक्रांतचा तुकडा

काकांनी ऑनलाइन घेतलेला पोलादाचा चौकोनी तुकडा, लाकडी पाटीवर बसवलेला, सोबत प्रमाणपत्र. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, बरीच वर्षं कफ परेडला तरंगतं संग्रहालय होती, २०१४ मध्ये लिलावात गेली आणि मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजने घेतला आणि २०१६ मध्ये त्या नावावर मोटरसायकल आणली. साहजिकच 'विक्रांतच्या पोलादा'चे तुकडे बाजारात आले.

फुटलेल्या जहाजाचा तुकडा विकणं नवं नाही. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं एकेकाळचं जहाज 'फुद्रॉयां' १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं आणि त्याच्या तांब्याची पदकं, लाकडाच्या वस्तू भरपूर विकल्या गेल्या. आपल्या मुंबई गोदीत सागवानात बांधलेलं 'गँजेस' ब्रिटनमध्ये मोडलं, तेव्हा त्याची कप्तानाची केबिन डेव्हनमधल्या बर्ग आयलंडच्या हॉटेलात जशीच्या तशी बसवली गेली. पण सागवानाला निदान वास आणि कुसर असते; पोलादाचा चौकोन स्वतःहून काही बोलत नाही. काकांच्या प्रमाणपत्रावर लॉट नंबर नव्हता, तोडणाऱ्या कंपनीचा उल्लेख नव्हता, तारीख नव्हती. होता तो एक तिरंगा आणि छापील सही. ठेवायला हरकत नाही, विकताना मात्र 'विक्रेत्याच्या सांगण्यानुसार' हे शब्द हवेत.

पितळी पट्टी

शिलाई मशीनचा एक पाय लंगडतो म्हणून त्याखाली घातलेली पट्टी मी पाहिली ती निघता निघता. तळहाताएवढी, कोपऱ्यांत स्क्रूची दोन भोकं, कोरलेल्या अक्षरांत लाल रंगाचे अवशेष: 'फायर मेन'. जहाजावर प्रत्येक व्हॉल्व्हवर, प्रत्येक दारावर अशी पट्टी असते. आग विझवण्याच्या पाण्याच्या नळावरची ही. मागच्या बाजूला करड्या रंगाचे थर एकावर एक, आणि स्क्रूच्या भोकांभोवती वर्षानुवर्षं आवळल्याच्या खुणा.

"ती? ती बाबांनी विकत घेतली होती," काका म्हणाले. "तीन रुपयांना. पावती आहे कुठेतरी."

विकत घेतली होती, हे शब्द ऐकून मी पुन्हा बसलो. आजोबांची फाइल माळ्यावरच्या पेटीत निघाली: नेमणुकीचा कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंड, आणि त्यात सप्टेंबर १९७८ चा हाताने भरलेला गेट पास. 'ब्रास टॅली प्लेट, १ नग, एक्स-दिल्ली, स्क्रॅप, रु. ३', खाली सही आणि शिक्का. दिल्ली जूनअखेर निवृत्त झाली होती. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी तिच्यावरची पट्टी भंगार म्हणून बाहेर पडणं अगदी जुळतं. डॉकयार्डच्या गेटवर माणसाची झडती व्हायची, पास नसता तर पट्टी बाहेर आलीच नसती. आजोबांनी पैसे भरले, कागद घेतला आणि कागद जपला. पट्टी मशीनखाली गेली, पण फाइल शाबूत राहिली.

जहाजाचं नाव, वस्तूचं वर्णन, तारीख, आणि वस्तू ज्या घरात निघाली त्याच घरात कागद. इतकं एकत्र क्वचित मिळतं. तरी पट्टीवर 'अकिलीस, १९३९' लिहिता येत नाही. सेहेचाळीस वर्षांत जहाजाच्या अनेक दुरुस्त्या झाल्या, पट्ट्या बदलल्या गेल्या. 'आय.एन.एस. दिल्लीवरून १९७८ मध्ये निघालेली' एवढं मात्र निःशंक लिहिता येतं. ज्याला दिल्ली आधी अकिलीस होती हे माहीत आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

व्यवहार

पुतण्याचं म्हणणं व्यवहारी होतं. गिऱ्हाईक जाणकार आहे, स्वतः पाहून गेलंय, इसार दिलाय. आपण होऊन नाही म्हणायची काय गरज? "त्यांना परीक्षा करायची होती तर त्यांनी करायची." यावर मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "ते सही मागतायत ना? मग सही करणाऱ्याने वाचून करायची."

माझा सल्ला असा होता. आपण दिलेलं वर्णन चुकीचं आहे हे आपल्याला आता कळलंय. त्यामुळे इसार परत करण्याची तयारी ठेवून नवं वर्णन लेखी पाठवायचं, ठशांचे फोटो आणि मापासकट. घड्याळाचा सौदा रेडियमच्या कारणाने थांबवायचा. गिऱ्हाइकाला नको असेल तर पूर्ण पैसे परत. पुंगळीवर पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याचं बंधन येत नाही, त्यासाठी वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. अडचण वर्णनाची होती, परवान्याची नव्हती.

काकांनी स्वतः मराठीत पत्र लिहिलं, मी फोटो जोडले. चीफ इंजिनिअर दोन दिवसांनी चरईला आले. रागावलेले नव्हते. पुंगळीच्या तोंडात त्यांनी आपला वर्नियर घातला, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही हे मला आवडलं. पिशवीच्या दारूचा मुद्दा वाचल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला म्हणे. उभं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, तोफांशी संबंध आला नव्हता.

मग त्यांनी पट्टी आणि गेट पास पाहिला आणि त्या दोन्हींसाठी पन्नास हजार देऊ केले. पुतण्याने काकांकडे पाहिलं. काकांनी नाही म्हटलं. पास वडिलांच्या हातचा आहे, तो घरातच राहील, आणि पासाशिवाय पट्टी देण्यात अर्थ नाही, कारण वेगळी झाली की ती पुन्हा बिननावाची. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. फीतही त्यांनी ठेवून घेतली.

पुंगळीचा सौदा चौदा हजारांवर ठरला. वीसमधले सहा हजार परत केले गेले. पावतीचा मसुदा मी केला: चार इंची क्विक-फायरिंग नौतोफेची पितळी पुंगळी, मार्क सोळा, तळावर साल १९४३, प्रायमर काढलेला, विक्रेत्याच्या वडिलांनी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात नोकरीत असताना मिळवलेली, कोणत्या जहाजावर वापरली याचा पुरावा नाही. चीफ इंजिनिअरांनी ती वाचली आणि पेन हातात धरूनच विचारलं, "शेवटच्या ओळीऐवजी 'दिल्लीवरची असण्याची शक्यता' असं टाकलं तर?"

"सात-आठ बोटींची शक्यता आहे," काका म्हणाले. "सगळ्यांची नावं लिहायची असतील तर लिहितो."

त्यांनी ओळ होती तशीच ठेवली, सही केली आणि पुंगळी गोणपाटात गुंडाळून गाडीत घातली. पट्टी आणि गेट पास आता एकाच पाकिटात आहेत, पासाची स्कॅन केलेली प्रत पुतण्याच्याही फोनमध्ये आहे. घड्याळाचा डबा कळव्याच्या घरी न नेता वेगळा ठेवला आहे आणि नियामक मंडळाला लिहायच्या पत्रावर काकांची सही झाली आहे.